एकशे चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी?

"दारू सोडा बाई, मी च्या बी पीत न्हाय!" असं म्हणत त्या मुलानं आपलं ड्रायव्हिंग लायसन्स माझ्या टेबलावर आपटलं. समोर बसलेले दोन पक्षकार उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. बाहेर काही गेले नाहीत. फुकटचं ऐकायला मिळत असेल तर जातंय कोण?

मुलाचं नाव संतोष. पिंपरी पेंढारचा. स्वतःचा पिकअप होता, गावातला टोमॅटो बाजारात पोचवायचा. त्याचं ठरत आलेलं लग्न चार दिवसांपूर्वी मोडलं होतं. आणि मोडायला कारण मी होते.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी जुन्नर तालुक्यात वकिली करत होते. बारा वर्षं झाली होती. फौजदारी कामात माझा हात चांगला बसला होता आणि मला ते माहीतही होतं. संतोष यायच्या आधीच्या आठवड्यात निरगुडसरचे किसनराव माझ्याकडे आले होते. आंबेगाव तालुक्यातला माणूस मुद्दाम इकडे आला, म्हणजे काम इकडच्या कोर्टातलं असणार हे मी ओळखलं. त्यांच्या वैशालीला संतोषचं स्थळ आलं होतं. घर चांगलं, पाण्याखालची जमीन, मुलगा कष्टाळू. पण बाजारात कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं होतं.

"गाडीची केस झाल्याली हाय म्हंत्यात त्याच्यावर," किसनराव म्हणाले. "आता गाडीची केस म्हंजी पिऊनच आसंल ना, वकीलबाई? रविवारी सुपारी फोडायचीय. पोरगा पितो का न्हाई, येवढंच मला काढून द्या."

लोकांना वाटतं कोर्टातले कागद म्हणजे सरकारी गुपित. तसं नसतं. कोर्टाचं काम उघड्यावर चालतं आणि निकाल लागलेली केस कुणालाही पाहता येते. अडचण एवढीच की ती सापडायला हवी. आज फोनवर नाव टाकलं की पुष्कळ काही दिसतं. तेव्हा रजिस्टरं होती. नाव, साधारण वर्ष आणि कुठल्या पोलीस ठाण्याची केस, एवढं माहीत असेल तर पानं उलटत बसायचं. शोध लागला की नकलेसाठी अर्ज करायचा. नक्कल म्हणजे कोर्टाच्या सहीशिक्क्याची प्रत. ज्याची केस आहे त्याला ती सहज मिळते. तिऱ्हाईत माणसाला मात्र अर्जात कारण लिहावं लागतं आणि जज्जसाहेबांची परवानगी लागते.

"कारण काय लिहायचं?" मी किसनरावांना विचारलं.

"लिवा की. पोरगी द्यायचीय."

कारण चोख होतं. पण परवानगी आणि नक्कल मिळून आठ-दहा दिवस गेले असते, आणि सुपारी रविवारी होती. म्हटलं, अर्ज राहू दे, आधी रजिस्टर तर बघू. दोन तासांत केस सापडली. संतोषचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. मोटार वाहन कायदा, कलम १८५. गुन्हा कबूल. दंड आठशे रुपये.

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातच किसनरावांना सगळं समजावून सांगितलं. समजावून सांगायची मला भारी हौस. म्हटलं, कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की हे कलम लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते, दंड तीन हजारांपर्यंत. शिवाय लायसन्स कमीत कमी सहा महिने बंद. ते बंद करायचं की नाही हे जज्जसाहेबांच्या मर्जीवर नसतं, करावंच लागतं.

किसनरावांनी टोपी काढली, परत घातली. "वाचलो म्हनायचं," एवढंच म्हणाले आणि एसटीला गेले. मलाही वाटलं, चला, एका मुलीचं कल्याण झालं.

आणि आता तोच संतोष माझ्यापुढे उभा होता. "बघा की लायसन. कुटं काय लिवलंय का? मी दंड भरला, पावती फाडली, केस मिटली. तुमी मला बेवडा कसा ठरिवला?"

आधी मी त्याच्यावरच डाफरले. पावती फाडली की केस मिटली, हा आमच्या भागातला पक्का समज. म्हटलं, बाबा, गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे शिक्षा होणं. दंड हीसुद्धा शिक्षाच, आणि ती तुझ्या नावावर कोर्टात लिहून ठेवलेली असते. बोलता बोलता मी लायसन्स उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. कोर्टाचा शेरा कुठंच नव्हता.

"हे किती दिवस जमा होतं?"

"कशापायी जमा आसंल? दुसऱ्या दिशी पहाटं मी टमाटी भरून मार्केटात."

मी लायसन्स टेबलावर ठेवलं. किसनरावांना मीच तर सांगितलं होतं, लायसन्स बंद करावंच लागतं! मग दुसऱ्या दिवशी हा गाडी चालवतो कसा? रजिस्टरातही दंडापुढे लायसन्सबद्दल अक्षर नव्हतं. मी वाचलेलं कलम आणि मी वाचलेली शिक्षा यांचा मेळ बसत नव्हता, आणि बारा वर्षं वकिली करूनही मला ते व्हरांड्यात सुचलं नव्हतं. लाज वाटली. दाराशी उभ्या असलेल्या दोघांना मी पहिल्यांदा घरी पाठवलं.

संतोषला घेऊन तशीच कोर्टात गेले. रजिस्टर उघडलं. क्लार्क शेजारी येऊन उभे राहिले.

"हा आकडा कोणता?" मी विचारलं.

"चार."

"हा चार आहे?"

"मॅडम, घाईत लिहिलेला चार आहे. पाच असता तर पोट आलं नसतं का त्याला?"

पुढच्या-मागच्या पानांवरचे सगळे चार आणि पाच मी बोट ठेवून ताडून पाहिले. चारच होता. एका दृष्टिक्षेपात पाच दिसेल असा, पण चार. मला शोधायची होती दारू, म्हणून मला पाच दिसला.

कलम १८४ म्हणजे बेदरकारपणे, लोकांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीनं गाडी चालवणं. त्याला तेव्हा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. लायसन्स बंद करायलाच हवं अशी सक्ती नाही. आठशे रुपये, लायसन्स हातात, सगळं जुळत होतं. दारूचा संबंध नव्हता.

"मग आता?" संतोषनं विचारलं.

"आता तू नकलेचा अर्ज करायचा. तू आरोपी, तुला कारण लिहावं लागत नाही. नक्कल आली की मी स्वतः निरगुडसरला जाते आणि चूक माझी होती असं सांगते."

त्याचा राग उतरला. "जमंल का पण परत?"

"का नाही जमणार? दारू होती म्हणून मोडलं. दारू नाही म्हटल्यावर जमायलाच हवं."

मी अगदी ठामपणे सांगितलं. तिसऱ्या दिवशी नक्कल हातात आली, फिर्याद आणि निकाल दोन्हींची. मी कलम तेवढं पाहिलं, १८४ खाली लाल रेघ मारली आणि एसटी पकडली.

किसनरावांच्या ओसरीवर मी पाणी प्यायच्या आधी चूक कबूल केली. वकिलानं माफी मागण्याचा प्रसंग त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "आवो, आकडंच हायेत. व्हतंय कवा कवा," म्हणाले. मग लाल रेघ बघून त्यांचा चेहरा फुलला. "म्हंजी पोरगा पीत न्हाई!"

"थेंबसुद्धा नाही. चहापण पीत नाही म्हणतो."

"आगं वैशाली, ऐकलं का? मधल्या मान्साला आजच निरोप धाडतो!"

वैशाली चहा घेऊन आली. डी.एड. झालेली, नेमणुकीची वाट बघत असलेली शांत मुलगी. तिनं कप ठेवले आणि मला विचारलं, "मी वाचू का?" मी कागद दिले. ती आत गेली नाही. तिथंच खांबाला टेकून पहिल्या ओळीपासून वाचू लागली. आपण फक्त कलम पाहिलं आणि ही फिर्याद वाचतेय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

फिर्याद एका शिक्षकाची होती. शाळा सुटली होती. मुलं रांगेनं रस्त्याच्या कडेनं चालली होती. भरलेला पिकअप मागून भरधाव आला, पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला उलट्या बाजूनं घातला आणि मुलांच्या अंगावरून जाता जाता राहिला. मुलं शेजारच्या पाण्याच्या चारीत उड्या मारून वाचली. कुणाला लागलं नाही. आरोपीनं गाडी थांबवली नाही.

"म्हंजी ह्या टायमाला ते शुद्धीवर व्हते?" वैशालीनं विचारलं.

"हां तर!" किसनराव आनंदानं म्हणाले. "पुरा शुद्धीवर!"

"मग मला न्हाई करायचं आण्णा."

"आता गं काय झालं? दारू न्हाई म्हंत्यात ना बाई!"

"पेलेला मानूस उतरल्यावर तरी थाऱ्यावर येतो. हे शुद्धीवर आसून आसं वागल्यात. ह्यांचं काय उतरायचं?"

किसनराव माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटलं असावं, वकील आहे, उत्तर देईल. मी बारा वर्षांत पुष्कळ उलटतपासण्या घेतल्या होत्या. तरी मी वैशालीकडून कागद परत घेतले आणि पिशवीत ठेवले. खरं सांगायचं तर त्या मुलीचा मला अभिमान वाटला आणि संतोषसाठी वाईटही वाटलं. जाताना मी किसनरावांकडून एवढंच कबूल करून घेतलं की ज्याच्या ज्याच्यापाशी "पितो" म्हटलंय, त्याच्या त्याच्यापाशी "पीत नाही" असं सांगायचं. त्यांनी ते पाळलं, हे मला नंतर बाजारातूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी संतोष आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याला बसवलं आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. वैशालीचं वाक्यही सांगितलं, काही न गाळता. वाटलं, परत टेबलावर काहीतरी आपटणार.

त्यानं टेबलावरची नक्कल उचलली आणि दुसऱ्या पानावरची फिर्याद वाचली.

"त्या दिशी भाव पडायच्या आत पोचायचं व्हतं," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. ती बरुबर बोलली."

कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"बाई, तुमचा पाचच बरा व्हता. त्याला मी खोटं तरी म्हनू शकत व्हतो."

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. रजिस्टरातलं कलम उतरवताना आकडा अक्षरी लिहायचा. आणि नक्कल मागायला येणाऱ्याला आधी विचारायचं, सगळी वाचणार आहात, की कलमापुरतीच?