नाथाजी हवालदारांची निळी फाइल

कुंडलचे नाथाजी हवालदार फौजेत सिग्नलला होते आणि पेन्शनीत आल्यावर साखर कारखान्याच्या गेटवर. सत्त्याहत्तर साली कारखान्याने ऊसतोडणीची पाळी कम्प्युटरकडून लावून घ्यायचं ठरवलं, तेव्हा 'तारांमधलं कळणारा माणूस' म्हणून चेअरमननी त्यांना गेटवरून उचललं आणि थेट खुर्चीत बसवलं. यंत्र पुण्यात होतं. प्रोग्रॅम लिहायला सांगलीची जैनब होती, गणितात बी.एस्सी. झालेली. हवालदारांनी फक्त काम वेळेत करून घ्यायचं. दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत यादी आली नाही तर पुन्हा गेट आणि काठी, हे खुर्ची देतानाच सांगून झालं होतं.

काम कसं चालवावं याचे दोन नमुने पुण्याच्या सल्लागाराने पाठवले; त्यांतला एक निवडायचा. पिवळी फाइल पातळ: एक तुकडा लिहा, वापरणाऱ्याला दाखवा, दुरुस्त करा, मग पुढचा घ्या. निळी फाइल उशीएवढी: आधी सगळ्यांच्या सगळ्या मागण्या लिहा, सह्या घ्या, मगच पुढची पायरी, एक मागणी बदलली की साऱ्यांच्या सह्या नव्याने. हवालदारांनी पिवळीकडे पाहिलंसुद्धा नाही. निळीत सह्यांचे चौदा रकाने होते. गावं पंधरा, म्हणून त्यांनी पट्टी घेऊन पंधरावा आखला.

आता आपला ऊसवाला नुसती सही करून उठला, असं कधी घडलेलं नाही. कुंडलच्या लालासाहेबांनी सहीखाली लिहिलं: धाकटा जानेवारीत रजेवर येणार, तोवर माझ्या उसाला हात लावू नये. ते वाचून बाकीच्या चौदा गावांना आपापली फौजेतली पोरं आठवली. पुन्हा सह्या, पुन्हा गावोगाव सायकल. श्रावण संपला, भादवा लागला. जैनबच्या पेन्सिलीचं टोक अजून शाबूत होतं.

"हवालदारकाका, एकट्या कुंडलची यादी करू का? आठवड्यात दाखवते," ती म्हणाली.

"फौजेत अर्धी तोफ घिऊन कोण लढाईला जातं का गं?"

"तुम्ही तोफेवर कुठं होता? तुम्ही तारा टाकायचा. वीस मैल तार टाकून झाल्यावर मग फोन कानाला लावायचा?"

हवालदार दुखावले. "येडी हायस का? दर मैलाला हॅलो करायचं. तुटली आसंल तर तितंच जोडायची. न्हाईतर कुठं तुटली ते कसं कळणार?"

बोलता बोलता त्यांची नजर निळ्या फाइलवर गेली. जैनबने पिवळी फाइल हळूच पुढे सरकवली.

आठव्या दिवशी कुंडलची यादी चावडीच्या भिंतीवर लागली. खुद्द हवालदारांचा ऊस सर्वांत शेवटी.

"गावाचा ऊस जाईल, आन आपल्या उसाला तुरं येत्याल," त्यांच्या अंबूबाई म्हणाल्या. "लय भारी यंत्र."

"पर ज्याचं यंत्र त्योच मागं," लालासाहेब म्हणाले. "म्हंजे खरं हाय."

"खरं न्हाई, चुकलंय," हवालदार म्हणाले. "माज्या लागणीची तारीख यंत्राच्या कार्डावर चुकली. फुडच्या खेपंला नीट व्हईल."

"आस्सं? दुरुस्त बी व्हतंय?" म्हणत लालासाहेब पुढे सरकले आणि धाकट्याच्या रजेची तारीख सांगू लागले. मागे रांग लागली. सही कुणी मागितली नाही, त्यामुळे कुणी अडलंही नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पंधराही गावांची यादी आली. बॉयलर पेटला, हवालदार खुर्चीतच राहिले. खुर्ची तशी बुटकी होती. पण निळी फाइल बुडाखाली घेतली की टेबल अगदी हाताला येतं.