संमतीपत्रावरची सही

आजही ती घटना आठवली की मला आधी विहीर आठवते, मग कागदपत्रं.

वादळानंतरचे दिवस होते. रत्नागिरी तालुक्यातल्या त्या गावात आंब्याची कलमं मुळासकट आडवी झाली होती. विमा न उतरवलेल्या बागांनाही सरकारी मदत मिळणार होती. फक्त सातबारावर जितकी नावं, तितक्यांची संमती हवी होती. अशात एक गृहस्थ मी फौजदार असलेल्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आला. भावकीतल्या म्हातारीने मुंबईतल्या मुलाची खोटी सही केली, असं त्याचं म्हणणं. बांधावरून त्यांचं जुनं वाजलेलं होतं, हे मात्र आमच्या हवालदाराने सांगितलं.

संमतीपत्र मागवलं. मुलाच्या नावाआधी चक्क 'कु.' लिहिलेलं. चाळिशीतला बाप्या स्वतःला कुमार कशाला लिहील? मला हसू आलं.

म्हातारीला बोलावून घेतलं. सत्तरीची विधवा, घरात एकटी. मुलगा कुठे, या प्रश्नाला तासभर एकच उत्तर, मुंबईला. पत्ता नाही, फोन नाही. बाई पक्की आहे, असं मी ठरवून टाकलं. उद्या मुलाला हजर करा, नाहीतर आत बसावं लागेल, असं टेबलावर हात आपटून बजावलं. ती पदर सावरत उठली. पोलिसी खाक्याचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराचा गावातून फोन आला. घराला बाहेरून कडी, म्हातारीचा पत्ता नाही, परसातल्या विहिरीत माणसं उतरवतोय. मी तडक जीपमध्ये बसलो. इतक्या वर्षांत किती मृतदेह पाहिले, पण त्या विहिरीत डोकावायची मला भीती वाटत होती. अर्ध्या वाटेत ठाणे अंमलदाराने कळवलं, की म्हातारी पहिल्या एसटीने येऊन ठाण्याच्या बाकावर बसली आहे.

तिच्या मांडीवर गाठोडं होतं. दोन लुगडी, गोळ्या आणि मुलाची शाळेतली वही. आत जायच्या तयारीनेच आली होती. वहीच्या पुठ्ठ्यावरचं नाव तिने अक्षर बघून बघून, 'कु.'सकट संमतीपत्रावर उतरवलं होतं.

"आजी, मुलगा कुठे आहे?" या वेळी मी हळू विचारलं.

"म्हायती नाय सायेब. मुंबयला गेला तो गेला. तलाठ्याकडं इचारला, तर बोलले, पोरगा नसंल तर मेल्याचा दाखला आन. जित्या पोराचा दाखला मी कसा आनू?"

एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत पोलिसांत का कळवलं नाही, असं विचारलं.

"पोलिसांत कळवला की मडा दाखवतात."

मदतीचे पैसे अजून मिळाले नव्हते. मी खरं ते वर कळवलं. संमतीपत्र रद्द झालं आणि वरिष्ठांनी तिला समज देऊन अर्ज निकाली काढला. मुलाचा हिस्सा बाजूला ठेवून तिच्या हिश्श्याची मदत पुढे मिळाली. मी मात्र तिच्या मुलाची बेपत्ता म्हणून नोंद करून घेतली. अंगठा देण्याआधी तिने तो कागद माझ्याकडून मोठ्याने तीनदा वाचून घेतला. त्यात मेला असं कुठेही लिहिलेलं नाही, याची तिला खात्री हवी होती.

लोक आपल्या काठीला भितात, असं मी नोकरीभर समजत होतो. त्यानंतर अनोळखी प्रेताचं वर्णन आलं, की मी आधी वय बघायचो आणि जुळलं नाही की सुटल्यासारखं वाटायचं. निवृत्त झालो तरी ती अधूनमधून फोन करते. मुलाचं काही कळलं नाही, असं मी सांगतो.

"बरा झाला," म्हणते आणि फोन ठेवते.