एवढं टाकून दे

आमच्या सुपेला भागातल्या गॅरेजमध्ये मुलानं जुन्या ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली आणि ऐन जानेवारीत आम्हाला फिरायला काढलं. नंदिनी नगर मागे पडत नाही तोच पावसानं गाठलं. चुनखडीच्या खदानीजवळ गाडी उभी करावी लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. आत गरम चहा होता, पायावर शाल होती आणि मांडीवर गोधडी. माझ्या आईच्या दोन लुगड्यांची ती गोधडी मी दिवाळीपासून हातानं शिवत होते. आता एक कड तेवढी राहिली होती.

गारठ्यानं बोटं आखडली. सुई दुसऱ्यांदा अंगठ्यात घुसली, तशी मी वैतागून गोधडी सुनेकडे सरकवली. सून रायपूरची, हिंदी बोलणारी. माझ्याकडून मराठी शिकून राहिली होती.

"माह्यानं नाही होऊन राह्यलं आता," मी म्हटलं. "एवढं तू टाकून दे."

तिनं शहाण्यासारखी मान डोलावली, खिडकी सरकवली आणि गोधडी बाहेर टाकून दिली.

बाहेर पांढऱ्या चिखलात आईची लुगडी भिजत पडली होती.

"अवो, टाके टाक म्हनलं तुले! टाके!"

ती बिचारी रडायलाच लागली. तिचं मी समजू शकते. पण स्टिअरिंगवरून माझ्या पोटचा, माझ्याच घरात वाढलेला मुलगा मागे वळून म्हणाला, "मम्मी, आपने ही तो बोला, फेंक दो."