दगडाला टेकलेलं चाक

संध्याकाळी पाच वाजता अप्पांना गाडीत बसवून मी क्लच दाबला आणि स्टार्टचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं पिवळं चित्र लागलं, बाकी काहीच झालं नाही. एरवी बटण दाबलं की स्टिअरिंगच्या खालून एक बारीक आवाज यायचा, कुलपाची खिट्टी मागे सरकल्याचा. तो आला नाही. स्टिअरिंग जागच्या जागी गच्च.

"उतरूं का?" अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा, होईल.

गाडी चौदा वर्षांची. किल्ली नुसती जवळ ठेवायची आणि बटण दाबायचं, अशा पहिल्या काही गाड्यांतली; तिच्या स्टिअरिंगचं कुलूपही विजेवर उघडतं. तिच्यावरच अप्पांनी मला चालवायला शिकवलं. गेली दोन वर्षं त्यांची आठवण जात चालली आहे. घरात ते मला कधी आपली बहीण समजत, कधी कामाला आलेली बाई. पण संध्याकाळी आम्ही कुंभकोणमहून तिरुवलंचुळीपर्यंत जाऊन परत यायचो, त्या तासाभरात मी त्यांची मुलगी असायचे. डावीकडे बसून ते सूचना द्यायचे. क्लचवर पाय ठेवून चालवूं नको, बसच्या मागे लागूं नको. मराठीत, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत, जिला पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. मी हूं हूं करत असे. आम्हां दोघांनाही याहून जास्त बोलणं कधी जमलं नाही.

तो तास बंद पडला.

गाडीचं माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. ते वाचणं मला सोपं जातं, मेकॅनिकला फोन करणं नाही. म्हणून पहिले तीन दिवस मी एकटीच खटपट करत होते. किल्लीतला सेल बदलला. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने बटण दाबलं. बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी परत लावली. फ्यूज काढून उजेडात धरून पाहिला, चांगला होता. स्टिअरिंगच्या खाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. तिसऱ्या दिवशी एकदा टक् असा आवाज आला. परत बटण दाबलं. तोच पिवळा दिवा.

शेजाऱ्यांनी आपली गाडी देऊ केली. अप्पा तिच्यात बसले, कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत गप्प राहिले आणि मग चालत्या गाडीचं दार उघडायला लागले. भाड्याच्या गाडीतही तेच झालं, वर त्यांनी ड्रायव्हरचा खांदा पकडला. आई म्हणाली, पुरे.

शेवटी तिरुवलंचुळीच्या रस्त्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन घरी आला, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. मी काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे बोलावं लागू नये. त्याने कागद वाचला.

"अम्मा, परीक्षा तर तुम्ही आधीच दिलीत," तो तमिळमध्ये म्हणाला. "मी फक्त मार्क द्यायला आलो वाटतं."

त्याने स्कॅनर जोडला, बॅटरीचा व्होल्टेज घेतला, मग स्टिअरिंगखाली डोकं घालून दुपारपर्यंत पडून राहिला. कुलपाचा डबा मुठीएवढा निघाला. आतल्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे दोन दात तुटले होते. खिट्टी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने ती घासून चकचकीत झाली होती, दुसरी बाजू नव्यासारखी.

"चाक वळवून लावता का गाडी? कशाला तरी दाबून?"

मी उंबऱ्याकडे पाहिलं. आमची गल्ली अरुंद. दारासमोर आई रोज पहाटे सडा घालून कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढते आणि त्याच्यावर चाक जाता कामा नये. म्हणून अप्पांनी गाडी लावायची एक रीत बसवली होती. गाडी पुढे घ्यायची, स्टिअरिंग पुरतं डावीकडे वळवायचं आणि पुढचं चाक पायरीच्या दगडाला टेकवायचं. मग मागची बाजू कोलमापासून हातभर लांब राहते. दगडाला टेकल्याशिवाय गाडी लागली नाही, असं ते म्हणत. मीही तेच शिकले. इतकी वर्षं तो दगड चाकाला मागे ढकलत होता आणि त्याचा सगळा ताण त्या खिट्टीवर येत होता. दर वेळी गाडी काढताना ती बिचारी मोटर ताणाखालची खिट्टी ओढून काढत होती.

मेकॅनिकला मी फक्त हो म्हटलं. जे म्हटलं नाही ते हे: मला माहीत होतं. दोन महिने आधीपासून कुलूप अडकत होतं, आणि फक्त घरासमोर अडकत होतं. बाजारात सरळ चाकांनी लावलेली गाडी लगेच सुरू व्हायची. याबद्दल मी वाचलंही होतं; तिथे कारण म्हणून नेमकं हेच दिलं होतं. पण सांगायचं म्हणजे आईला कोलम सरकवायला सांगायचं, आणि अप्पांना सांगायचं की त्यांनी शिकवलेलं चूक आहे, तेही त्या एका तासात, जेव्हा ते मला शिकवत असत. मी गप्प बसले. गप्प बसणं मला नेहमीच जमतं.

तो डबा आता बनत नाही. भंगारातला बसवला तर इंजिनचा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही, असं मेकॅनिक म्हणाला. एकच उपाय होता. कुलूप कायमचं काढून टाकायचं आणि त्या जागी एक छोटं यंत्र लावायचं, जे कॉम्प्युटरला सांगत राहील की कुलूप उघडं आहे. ते कोइमतूरहून करून आणावं लागणार होतं.

त्याला पाच आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात अप्पा पाच वाजता चपला घालून पायरीवर बसायचे. मी बाहेर गेले की विचारायचे, झालं का. पुढे पुढे विचारेनासे झाले, नुसते बसायचे. मग एका संध्याकाळी चपला जागेवरच राहिल्या. आईने त्या उचलून आत ठेवल्या, तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मी त्यांना हात धरून आणलं. ते बसले. दार उघडायची धडपड केली नाही. तिरुवलंचुळी येईपर्यंत मी वाट पाहिली. मुद्दाम क्लचवर पाय ठेवून चालवलं, एका बसच्या अगदी मागे लागले. ते खिडकीबाहेर पाहत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "ही कुणाची गाडी, अम्मा?" बाहेरच्या लोकांशी बोलतात तशा अदबीने.

मी तमिळमध्येच म्हटलं, तुमचीच.

घरासमोर मी गाडी सरळ लावली, चाकं सरळ ठेवून. मागचं चाक कोलमाच्या कडेवर गेलं. बटण दाबून इंजिन बंद केलं, पण अप्पा उतरेनात. पायरीच्या दगडाकडे बोट दाखवून ते तमिळमध्ये म्हणाले, "अजून टेकली नाही."

मी परत गाडी सुरू केली. स्टिअरिंग पुरतं डावीकडे वळवलं आणि चाक दगडाला टेकेपर्यंत गाडी पुढे घेतली. आता त्याने काही बिघडणार नव्हतं. आत तुटायला काही उरलं नव्हतं.