चार पावलं पुढे

दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहणारे एकजण आमच्या शेजारी राहतात. पडदा असो की कुणाचा दुपट्टा, चिमटीत धरून चोळल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बायकोसोबत बाजारात निघाले की मात्र चार पावलं पुढे, मागे वळून पाहणं नाही.

दिवाळीनंतर दोघं दोन दिवस विशाखापट्टणम फिरून आले.

"कसा होता समुद्र?" मी विचारलं.

"कायचा समुद्र! तिथंबी मी आपला पुढंच. वळून पाह्यतो तं हिचा पत्ताच नाही. साऱ्या रेतीत हिरवी साडी ढुंढत फिरलो. वाटलं, लाटेनं नेली. अन् ही मजेत शेंगा खात बसली होती!"

काल दोघं बाजारात दिसले. वहिनी पुढे, हे मागे. पदराचं टोक यांच्या चिमटीत.