पिवळा दिवा आणि घरातला एकच डबा

ब्राह्मणपुरीच्या आमच्या घरी तेलाचा डबा एकच. आणलेला असतो ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी, पण त्यातलं घट्ट तेल मळणीयंत्राला, फाटकाच्या बिजागरीला, जुन्या सायकलच्या साखळीला, सगळ्यालाच चालतं. तेल ते तेल, असा आमच्या घरचा कायदा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. दाट द्रव आणि पातळ द्रव यांतला फरक दरवर्षी मुलांना मध नि पाणी घेऊन दाखवतो. पण घरी आलो की मीही त्याच कायद्याचा माणूस. त्या डब्यामुळे माझ्या वडिलांचं, आप्पांचं, गाडी चालवणं सुटलं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. डब्याचा काय दोष? झाकण मी उघडलं होतं.

आप्पांचा डावा पाय साखरेच्या आजारात गुडघ्याखालून गेला. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप चालवलेला माणूस ओट्यावरच्या खुर्चीत येऊन बसला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगू लागला. मला ते बघवेना. मी सुरतेहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. गावात हसले. कुणी म्हणालं, ही तर बायकांची गाडी. आप्पांनी चार दिवसांत गाडीवर हात बसवला आणि पाचव्या दिवशी एकटेच नंदुरबारला माझ्या आत्याला भेटून आले. आत्या त्यांच्याहून मोठी, विधवा, अंथरुणाला खिळलेली. मग दर गुरुवारी पपया किंवा केळी मागच्या सीटवर टाकून ते निघायचे. तेवढा एक दिवस घरात त्यांचा पूर्वीचा आवाज ऐकू यायचा.

त्या गाडीत ओव्हरड्राइव्ह होतं, म्हणजे सगळ्यात वरचा, चौथा गिअर. वेग जमला की तो आपोआप पडतो आणि इंजिनाची ओरड एकदम खाली येते. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, की ते व्हायचं. मी सोबत असलो तर आप्पा बोट वर करून मला गप्प बसवायचे. "आते देख, कशी दम लई ऱ्हायनी," म्हणायचे, जणू गाडीच दम घेत होती. गिअरच्या दांड्याला एक बारीक बटण आहे. ते दाबलं तर ओव्हरड्राइव्ह बंद होतं आणि समोर पिवळा दिवा लागतो. बटण अंगठ्याशीच असतं, चुकून दाबलं जाऊ शकतं. हे लक्षात ठेवा, कारण ते मी फार सोयीनं वापरलं.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी गाडीची देखभाल करायला बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसाच प्रकार. गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी काढली, तेल कमी दिसलं. शहाद्याला जाऊन योग्य तेल आणायचा कंटाळा केला आणि डबा आणला. त्या गाडीला पाण्यासारखं पातळ, लालसर तेल लागतं. आमचं तेल त्या पट्टीच्या अरुंद नळीतून उतरेचना. इथं तरी माझ्यातल्या मास्तरानं जागं व्हायला हवं होतं. मी काय केलं? अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी डबा तासभर उन्हात ठेवला. तेल जरा सैल झालं. ओतलं, हात पुसले आणि जेवायला गेलो.

त्यानंतरच्या गुरुवारी आप्पा पुलाच्या अलीकडूनच परतले. पिवळा दिवा सारखा मिचकत होता, इंजिन ओरडत होतं, चौथा गिअर पडत नव्हता. घरच्यांनी गाडीला गराडा घातला. सगळ्यांत आधी मी बोललो. "आप्पा, बटनले तुमना हात लागना व्हई."

साखरेमुळे त्यांच्या बोटांना बधिरपणा आला होता. चहाचा कप हातातून सुटायचा. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, फ्यूज तपासला, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून इंजिन गरम होईपर्यंत फिरवून आणली. दिवा मिचकतच राहिला. एवढी सगळी तपासणी केली, पण तेलाची पट्टी काही काढली नाही. मला डबा आठवत नव्हता असं नाही. आठवत होता, म्हणूनच मी पट्टीला हात लावला नाही.

पुढचे दोन गुरुवार आप्पा हळूहळू, ओरडणारी गाडी घेऊनच गेले. दुसऱ्या खेपेला त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि दिव्यावर जास्त होती. अंगठा बटणावर तर नाही ना, हे ते पुन्हा पुन्हा वाकून बघत होते. उसानं भरलेली ट्रॉली समोर आली तेव्हा गाडी रस्त्याखाली उतरली आणि बांधाला घासून थांबली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला अडकवली. "मन्हीच चूक शे भाऊ. मन्हा हात आते मन्हा नही ऱ्हायना," एवढंच म्हणाले.

मग मी गाडी नंदुरबारला नेली. मेकॅनिकनं सगळ्यांत आधी तेलाची पट्टी काढली. चिमटीत तेल चोळलं, वास घेतला, एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. थेंब पसरेना, काकवीसारखा जागच्या जागी बसून राहिला.

"यामा ट्रॅक्टरनं तेल कोनी टाकं?" त्यानं विचारलं.

"आधीच्या गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो. असा कुणी गॅरेजवाला नव्हताच.

त्यानं सगळं तेल काढलं, गिअरबॉक्स धुतला, आत अडकलेली, विजेवर चालणारी झडप बदलली, नवं तेल भरलं. दोन दिवसांनी गाडी घेऊन निघालो. मोकळा रस्ता लागला आणि इंजिनाची ओरड खाली आली. गाडीत मी एकटा होतो. मला माझी इतकी लाज वाटली की गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

तरी घरी येऊन मी खोटंच बोललो. वायर ढिली होती म्हणालो. आप्पांनी "बटन?" असं विचारलं आणि मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला अजून छळतं. आत्याचा फोन यायचा, कधी येस रे म्हणून. आप्पा म्हणायचे, पाय दुखस. तिसऱ्यांदा ते मी ऐकलं तेव्हा राहवेना. डबा उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवला आणि सगळं सांगितलं. ऊन, मिरच्या, नळी, कागदावरचा थेंब, माझं खोटं, सगळं. शेवटी किल्ली पुढे केली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"तू मास्तर शे," ते म्हणाले. "तुले तेलमधला फरक समजत नही का? मन्हासाठे खोटं नको बोलू."

हेच खरं आहे, अशी मी शपथ घेतली. मेकॅनिकला फोन लावून देतो, त्यालाच विचारा म्हणालो. त्यांनी हसून किल्ली परत खिळ्याला लावायला सांगितली.

आता गुरुवारी मी रजा टाकून त्यांना आत्याकडे नेतो. दिवा लागत नाही. पूल संपतो, गाडी दम घेते, पण बोट वर होत नाही. आप्पा दोन्ही हात काखेत दाबून बसतात, दांड्यापासून शक्य तितके लांब. परवा आत्याच्या उशाशी बसून ते तिला आपल्या मुलाचं कौतुक सांगत होते, "मन्हा आंडोर सोनं शे, बाई. मन्ही चूक सोताना आंगवर लई लेस." आत्यानं माझा हात धरून डोळ्यांना लावला.