तारखेची जागा मोकळी

सत्तरच्या दशकात मी शिवाजी पेठेतल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, खणातून उचलायचं आणि ओळी लावायच्या, हे काम. तुळशीचं लग्न झालं की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नुसत्या लग्नपत्रिका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द मी डोळे मिटून लावत असे. पंचांग तर तोंडपाठ झालं होतं. कुठल्या महिन्यात किती मुहूर्त, कुठला गोरज, कुठला भर दुपारचा, हे गल्लीतल्या बायका भटजींच्या आधी मला विचारायच्या.

आणि माझं स्वतःचं घोडं तीन वर्षं गडहिंग्लजला अडलेलं!

ती आमच्या शेजारी मावशीकडं राहून डी.एड. करत होती. दोन वर्षं नळावर, जिन्यात, गणपतीच्या आरतीला आम्ही बोलत राहिलो. तिला मी आवडत होतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मग गडहिंग्लजच्या शाळेत तिला नोकरी लागली आणि आमचं सगळं बोलणं अंतर्देशीय पत्रावर आलं.

तिची पत्रं लांबलचक असत. शाळेचं छप्पर कुठं गळतं, चौथीतली कोण मुलगी पाढे गाऊन म्हणते, घरमालकीण कानडीत कशी भांडते आणि लगेच ताक आणून देते. मला त्या छपराशी काय देणंघेणं? मी पत्र उघडलं की आधी शेवटची ओळ बघायचो. तिथं ठरलेलं असायचं, 'त्याचं बघू.'

मी लिहायचो, 'मेमध्ये सात, अकरा आणि अठरा चांगल्या आहेत. कधी धरायचं?' ती लिहायची, पावसाळा होऊ दे, बघू. मी लिहायचो, 'डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन आहेत.' ती लिहायची, सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, बघू. महिन्यातून एका रविवारी एस.टी.त अंग खिळखिळं करून घेत मी गडहिंग्लज गाठायचो. गाव लहान, ती तिथल्या शाळेची मास्तरीण. स्टँडवरच्या कँटीनमध्ये एक चहा, तोही चारचौघांत. तिथंही मी खिशातून तारखांचा कागद काढायचो, ती तो उलटसुलट करून बघायची आणि परत द्यायची. नाही म्हणत नव्हती आणि हो म्हणत नव्हती. परतीच्या गाडीत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या वर्षी मी हट्टानं आमची पत्रिका लावून ठेवली. वर मोठा श्री आणि अंबाबाई प्रसन्न, खाली दोघांची नावं, सगळं साग्रसंगीत. फक्त तारखेच्या जागी कोरे खिळे बसवले. मजकूर दोऱ्यानं बांधून सगळ्यात खालच्या फळीवर सरकवला. तिचा होकार आला की आकडे घालायचे आणि छापायचं.

आमच्या छपाई यंत्रावर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. सीझनला अक्षरं कमी पडायला लागली की ते त्या फळीकडं बोट दाखवायचे. "मोठा श्री तू अडकवून ठेवलाईस. तुझं लगीन हुईपर्यंत लोकांनी बिनश्रीचं लगीन करायचं व्हय रं?" मी तोंड फिरवून काम करायचो. आत जळत असायचो.

त्याच वर्षीच्या एप्रिलात ती बदलीच्या अर्जासाठी जिल्हा परिषदेत आली होती. काम झाल्यावर दुपारी अचानक छापखान्याच्या दारात उभी. मालक जेवायला गेले होते. तिला बघून आनंद व्हायच्या आधी मला रागच आला. मी तो बांधलेला मजकूर उचलून तिच्यापुढं टेबलावर ठेवला. म्हटलं, "बघ. माझ्याकडनं सगळं तयार हाय. तुझ्यामुळं तेवढी तारीख अडलीया."

खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. ती हसली. "पहिलीची पोरं अशीच काढत्यात," म्हणाली आणि बोट ठेवून सावकाश वाचायला लागली. वाचता वाचता तिचं हसू गेलं.

"स्थळ शिवाजी पेठ. हे कुणी ठरवलं?"

"आता दोन्ही घरांना सोयीचं..."

"तुमच्या नावाम्होरं एस.एस.सी. हाय. माझं डी.एड. कुठं हाय?"

"खिळे कमी पडले," मी म्हणालो. ते धडधडीत खोटं होतं. मला ते सुचलंच नव्हतं.

"आणि माझी नोकरी?"

"सोडशील की."

तिनं मजकुरावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही मला कधी, कधी विचारताय. माझ्याशी लगीन करशील का, असं एकदा तरी विचारलंय?"

मी आठवायला लागलो. खरंच आठवेना.

"हे आधी सोडवा," ती म्हणाली.

मी दोरा सोडला. तिच्यासमोर एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकला. तिचं नाव, माझं नाव, अंबाबाई, अगत्य येण्याचे करावे. ती स्टुलावर बसून शेवटपर्यंत बघत होती. चाचांनी यंत्र थांबवलं आणि न सांगता चहाला निघून गेले.

मी तिला सोडायला गेलो. स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागली होती. पायरीवर तिनं पाय ठेवला तेव्हा मी विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा आणि नीट, "माझ्याशी लगीन करशील?"

तिला क्षणभरही लागला नाही. "न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं म्हणाली, "पहिल्या वर्षी विचारलं असतंसा तर व्हय म्हटलं असतं. मग तुमची पत्रं वाचत गेले."

गाडी सुटली. मला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. घरी जाऊन मी तिची सगळी पत्रं काढली आणि पहिल्यांदाच वरपासून वाचली. त्या गाणाऱ्या मुलीचं नाव तिनं मला चार वेळा लिहिलं होतं.

त्या सीझनला आमच्या छापखान्यात मोठा श्री कमी पडला नाही.